अवयव प्रत्यारोपणानंतर फोनवरच्या देखरेखीखाली घरी व्यायाम कसा करावा

बुऱ्हाणपूरच्या एका काकांशी झालेला पहिला व्हिडिओ कॉल मला चांगला आठवतो. किडनी प्रत्यारोपणाला तीन महिने झाले होते. पंधरा मिनिटे मला त्यांचे कपाळ आणि छताचा पंखा एवढेच दिसत राहिले. “खुर्चीतून उठणं झालं का?” असे विचारले की “झालं ताई, दहा वेळा झालं” असे उत्तर येई. चौथ्या कॉलला त्यांच्या सुनेने फोन समोरच्या स्टुलावर ठेवला, तेव्हा प्रथमच त्यांची पावले दिसली. दोन्ही घोट्यांवर मोज्यांचे वळ खोल उमटलेले होते, म्हणजे पायांवर चांगलीच सूज होती. त्या दिवशी व्यायाम झाला नाही. त्यांच्या डॉक्टरांना फोन करावा लागला. सूज बहुधा आदल्या आठवड्यापासून असावी, पण मला ती दिसायला फोन दोन फूट खाली यावा लागला.

इंदुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना माझ्या लक्षात आले आहे की, दूरून चालणाऱ्या व्यायामात अडचण फारशी व्यायामाची नसते. व्यायाम साधेच असतात. पलीकडच्या माणसाला आपले शरीर, आपले आकडे आणि आपला थकवा खरा दिसतो की नाही, यावर सगळे अवलंबून असते. त्यामुळे पुढे व्यायामाइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, ‘दाखवण्या’विषयी लिहिले आहे.

हे कोणासाठी आणि कशासाठी

२०१५ साली इंदुरात पहिला ग्रीन कॉरिडॉर (दान केलेला अवयव वेळेत पोहोचावा म्हणून मोकळा केलेला रस्ता) झाला आणि त्यानंतर माळवा-निमाडातल्या अनेक कुटुंबांना अवयवदान आणि प्रत्यारोपण हे शब्द परके राहिले नाहीत. तरीही देवास, धार, खंडवा किंवा बुऱ्हाणपूरच्या रुग्णाने आठवड्यातून तीन वेळा व्यायामासाठी इंदूरला यावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. कित्येकांचे प्रत्यारोपण तर मुंबईला किंवा अहमदाबादला झालेले असते. शिवाय प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या माणसाने भरलेल्या बसमधून वारंवार प्रवास करण्यात संसर्गाचा धोका असतो, तो वेगळाच.

नवा अवयव काम करू लागला की ताकद आपोआप परत येईल, असे घरच्यांना वाटते. तसे घडत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या आजारपणात, डायलिसिसच्या वर्षांत किंवा यकृत निकामी होत असताना मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू आधीच झिजलेले असतात. त्यात प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड कमरेजवळचे आणि खांद्याजवळचे स्नायू आणखी दुर्बळ करते, हाडे ठिसूळ करते आणि रक्तातील साखर वाढवते. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाने हात थरथरतात, रक्तदाब वाढतो, आणि मधुमेह नसलेल्यालाही तो जडू शकतो. म्हणजे जी औषधे अवयव वाचवतात, त्यांचेच काही परिणाम व्यायामाने भरून काढायचे असतात.

दूरून व्यायाम करून घेता येतो का, ही शंका रास्त आहे. पॅट्रिशिया पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अमेरिकी अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात किडनी प्रत्यारोपणानंतर सुमारे एका महिन्याने रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला घरी करण्याचा व्यायाम दिला आणि नियमित फोन करून त्याचा पाठपुरावा केला. वर्षअखेरीस त्या गटाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता आणि स्नायूंची ताकद दुसऱ्या गटापेक्षा अधिक वाढली होती; शरीरातील चरबीच्या प्रमाणात मात्र फरक पडला नव्हता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तेथे व्हिडिओ नव्हता की ॲप नव्हते. होता तो वेळेवर येणारा फोन. अलीकडे ब्रिटनमध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ‘किडनी बीम’ नावाचा ऑनलाइन कार्यक्रम चालतो आणि त्याच्या १२ आठवड्यांच्या चाचणीत रुग्णांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे दिसले. म्हणून जेव्हा कोणी मला कोणते ॲप घ्यावे असे विचारतो, तेव्हा मी उलट विचारते की, आठवड्यातून एकदा फोन करून तुमची व्यायामाच्या नोंदींची वही वाचणारे माणूस त्यात आहे का. नसेल, तर तो केवळ चित्रफितींचा संग्रह आहे आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णाने पहिल्या वर्षात त्यावर विसंबू नये.

आधी एक कागद

प्रत्यारोपण करणाऱ्या किंवा पाठपुरावा करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी ही तोंडी असू नये. त्यांच्याकडून एका पानावर पुढील बाबी लिहून घ्याव्यात: कोणता अवयव, कोणत्या तारखेला, छेद कोठे आहे आणि तो पूर्ण भरला आहे का, मूत्रवाहिनीत घातलेली स्टेंट-नळी काढली आहे का, डायलिसिससाठी हातात केलेला फिस्टुला (रक्तवाहिन्यांचा जोड) असल्यास तो कोणत्या हातात आहे, स्टेरॉइडचा सध्याचा डोस किती, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा रक्तातील आकडा) शेवटचे किती आले, दिवसाला पाणी किती प्यावे, रक्तदाब किती असल्यास व्यायाम करू नये, आणि किती वजन केव्हापासून उचलावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी असे मिळते की पहिले सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जड काहीही उचलू नये, म्हणजे भरलेली पाण्याची बादलीही नाही आणि नातूही नाही. छातीचे हाड कापून हृदयाची किंवा फुप्फुसाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर हा काळ बारा आठवड्यांपर्यंत जातो आणि त्या काळात दोन्ही हातांनी रेटा देऊन उठणेही टाळावे लागते.

या पानाचा फोटो फिजिओथेरपिस्टला पाठवावा आणि मूळ पान व्यायामाच्या वहीत चिकटवावे. कागद आला नाही तर मी सुरुवात करत नाही. यावरून काही घरांतून नाराजी येते, पण फोनवर छेद हाताने चाचपून पाहता येत नाही.

चालणे यासाठी थांबायचे नाही. ते रुग्णालयातच, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत सुरू झालेले असते आणि घरी आल्यावर चालूच ठेवावे. वरचा कागद हवा आहे तो आखीव व्यायामासाठी.

खोली, खुर्ची आणि फोन

भिंतीला टेकवलेली, हात नसलेली, लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्यावी. तिची बैठक जमिनीपासून साधारण ४३ सेंटिमीटर, म्हणजे सतरा इंच असावी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या हलक्या असतात आणि फरशीवर सरकतात. दुसरी नसेलच तर तिची पाठ भिंतीला घट्ट लावून पायांखाली रबरी पायपुसणे घालावे. सोफा, दिवाण आणि झोपाळा यांपैकी काहीही चालणार नाही. एकदा ठरवलेली खुर्ची बदलू नये. तिच्या मागच्या बाजूला पेनाने खूण करून ठेवावी.

फोन खुर्चीपासून सात-आठ फुटांवर, कमरेच्या उंचीवर आणि आडवा ठेवावा. स्टँड नसेल तर स्टुलावर दोन डबे ठेवून त्यांच्यामध्ये तो उभा करता येतो. उभे राहिल्यावर डोक्यापासून पावलांपर्यंत आणि बसल्यावर बाजूने गुडघा व घोटा, असे दोन्ही दिसले पाहिजे. म्हणून पहिल्याच कॉलमध्ये फोन समोर आणि बाजूला कोठे ठेवायचा, त्या दोन जागा ठरवून जमिनीवर खडूने फुली मारावी. खिडकी पाठीमागे असली तर रुग्णाची केवळ काळी आकृती दिसते. उजेड समोरून यावा. साडी किंवा लुंगी नेसून गुडघा कसा वळतो ते कळत नाही. सलवार किंवा पायजमा घालावा आणि तो घोट्याच्या वर दुमडावा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर घरातल्या व्यायामासाठी वेगळे स्वच्छ बूट ठेवावेत. घरात चप्पल-बूट न घालण्याची आपली सवय चांगली आहे, पण येथे ती बाजूला ठेवावी लागते.

पहिले काही आठवडे घरातले एक मोठे माणूस त्याच खोलीत असावे, स्वयंपाकघरात नव्हे. फिजिओथेरपिस्टकडे रुग्णाचा पूर्ण पत्ता, खुणेची जागा आणि शेजाऱ्याचा फोन क्रमांक लिहिलेला असलाच पाहिजे, कारण रुग्ण धार जिल्ह्यात पडला तर इंदुरातून १०८ ला फोन करणाऱ्याला घर कोठे आहे हे सांगता यायला हवे. प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला मी “आज तुम्ही कुठे आहात?” असे विचारते. लोकांना ते विचित्र वाटते. पण एक काकू दर पंधरा दिवसांनी उज्जैनला लेकीकडे जात आणि माझ्याकडे मात्र पत्ता देवासचाच होता.

नेटवर्क तुटणारच, हे धरून चालावे. त्यासाठीचा नियम पहिल्याच दिवशी ठरवावा: चित्र थांबले की रुग्णाने हातातला व्यायाम थांबवून खुर्चीत बसावे आणि पलीकडून साधा फोन येईपर्यंत बसूनच राहावे. “तुम्ही गेलात म्हणून मी उरलेले करून टाकले,” हे मला नको असते.

कॉलच्या आधीची दहा मिनिटे

पाच मिनिटे शांत बसून रक्तदाब मोजावा आणि तो फिस्टुला नसलेल्या हातावरच मोजावा. त्यानंतर नाडी, शरीराचे तापमान, सकाळचे वजन आणि मधुमेह असल्यास बोटातून घेतलेली साखर लिहावी. फुप्फुसाचे प्रत्यारोपण झालेल्यांनी बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडाही लिहावा. नंतर दोन्ही नडग्या अंगठ्याने दाबून खड्डा पडतो का ते पाहावे आणि कॉल लागताच पावले कॅमेऱ्यासमोर आणावीत. हे शेवटचे मी काकांच्या त्या कॉलनंतर सुरू केले.

काही आकडे असे आहेत की ते दिसल्यास त्या दिवशी व्यायाम करायचा नाही. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. स्टेरॉइडमुळे ताप झाकला जातो, म्हणून अंगात कणकण असूनही पारा चढला नसेल तरी ती लपवू नये. विश्रांतीत रक्तदाब १८०/११० च्या घरात असेल, किंवा वरचा आकडा ९० च्या खाली आणि चक्कर असेल, तर थांबावे. एका दिवसात एक किलोहून अधिक वजन वाढणे, लघवी एकाएकी कमी होणे, नव्या किडनीच्या जागी दुखणे किंवा ती जागा दाबल्यास हुळहुळणे, डोळे पिवळे दिसणे, ही व्यायामाची नव्हे, डॉक्टरांना फोन करण्याची कारणे आहेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर १०० च्या खाली असेल तर आधी काही खाऊन घ्यावे; २५० च्या वर असून बरेही वाटत नसेल तर व्यायाम टाळावा. येथे एक बारकावा सांगते. प्रेडनिसोलोन सकाळी घेतले की साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते, त्यामुळे केवळ उपाशीपोटीचा आकडा पाहून ‘साखर उत्तम आहे’ असे समजू नये.

औषधांच्या वेळा व्यायामासाठी बदलू नयेत. टॅक्रोलिमस बहुधा बारा तासांच्या अंतराने घ्यायचे असते; कॉलची वेळ त्या वेळेला धरून ठरवावी, उलट नव्हे. रक्तातील पातळी तपासण्याच्या दिवशी नमुना दिल्यावरच गोळी घ्यायची असते, म्हणून त्या सकाळी कॉल ठेवूच नये.

पहिल्या दिवशीची मोजणी

पहिल्या कॉलमध्ये व्यायाम नसतो, मोजणी असते. खुर्चीत बसून हात छातीवर फुलीसारखे घ्यायचे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजायचे. साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषाला चौदा आणि स्त्रीला बारा वेळा जमत नसेल, तर ताकद त्या वयाच्या मानाने कमी समजतात. हाताचा आधार घ्यावा लागला तर गणना शून्य धरतात, आणि हे शून्य लिहून ठेवण्याची लाज वाटू देऊ नये. दुसऱ्या मोजणीत खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. याला बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे मानून पुढचे उभे व्यायाम ओट्याला किंवा जड टेबलाला धरूनच घ्यावेत.

किती जोर लावायचा

स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी केलेली श्रमाची पट्टी ६ पासून २० पर्यंत असते. ६ म्हणजे स्वस्थ बसणे, ११ म्हणजे हलके, १३ म्हणजे काहीसे कठीण, १७ म्हणजे फारच कठीण. सुरुवातीचे आठवडे ११ ते १३ यांमध्ये राहावे. आकडे पचत नसतील, तर दुसरी खूण अशी की, चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे, पण आरती चालीवर म्हणता येऊ नये. आरती निवांत म्हणता आली तर वेग वाढवावा. दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागला तर कमी करावा.

हृदय प्रत्यारोपण झालेल्यांसाठी ही पट्टी सोय नसून गरज आहे. नवे हृदय बसवताना त्याला जाणाऱ्या नसा तुटतात, त्यामुळे विश्रांतीतही नाडी ९० ते ११० असते. व्यायाम सुरू केला की ती लगेच वाढत नाही. रक्तातून येणाऱ्या संप्रेरकांवर ती सावकाश चढते आणि व्यायाम थांबल्यानंतरही काही मिनिटे चढलेलीच राहते. म्हणून मनगटावरच्या घड्याळातला नाडीचा आकडा पाहून जोर ठरवणे येथे फसवे ठरते. अंग तापवण्यासाठी आणि निवण्यासाठी प्रत्येकी किमान दहा मिनिटे द्यावीत. अशा रुग्णाला हृदयाला रक्त कमी पडले तरी छातीत कळ जाणवेलच असे नाही. अकारण धाप, घाम किंवा नेहमीच्या व्यायामात आलेला अनोळखी थकवा हीच सूचना समजावी.

फुप्फुसाच्या रुग्णांनी ऑक्सिजनचा आकडा प्रत्यारोपण केंद्राने ठरवून दिलेल्या मर्यादेखाली, बहुतेक ठिकाणी ८८ ते ९० च्या खाली, गेला की थांबावे. फुंकरीचा जोर मोजणाऱ्या घरच्या स्पायरोमीटरवर फुंकर नेहमीपेक्षा दहा टक्क्यांनी उतरलेली दिसली, तर ती प्रथम केंद्राला कळवावी आणि व्यायामाचे मग पाहावे.

प्रत्यक्ष व्यायाम

साध्या किडनी रुग्णाचा पहिल्या महिन्याचा कॉल मी साधारण असा घेते. पाच ते दहा मिनिटे बसून घोटे, गुडघे, खांदे हलवणे आणि जागेवर सावकाश चालणे. त्यानंतर पाच पाच मिनिटांचे चालण्याचे दोन-तीन तुकडे, मध्ये बसून विश्रांती. मग खुर्चीतून उठणे, टेबल धरून टाचा उचलणे, भिंतीवर हात टेकून दंड काढल्यासारखे पुढे-मागे होणे आणि रबरी पट्टा ओढणे. प्रत्येकी आठ-दहा वेळा, एक किंवा दोन फेऱ्या. अर्धा लिटरची पाण्याची भरलेली बाटली म्हणजे अर्ध्या किलोचे वजन. डंबेल विकत आणण्याची घाई नको. शेवटी पुन्हा सावकाश चालणे आणि पाच मिनिटे बसून रक्तदाब. जोर लावताना श्वास कोंडू नये. उठताना मोठ्याने आकडे मोजावेत, म्हणजे श्वास आपोआप सुटतो आणि मलाही मोजणी ऐकू येते.

चालण्याची वेळ दर आठवड्याला पाच मिनिटांपेक्षा अधिक वाढवू नये, आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवावी: एक तर वेळ, नाही तर वेग, नाही तर वजन. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली पायरी आहे. तेथे पोहोचायला सहा महिने लागले तरी हरकत नाही.

मराठी घरांत हमखास येणारा प्रश्न सूर्यनमस्काराचा. यकृताच्या रुग्णाला बरगड्यांखाली मोठा आडवा छेद असतो आणि तेथे हर्निया होण्याचा धोका राहतो. नवी किडनी तर ओटीपोटात, मांडीच्या वरच्या बाजूला, फार खोलवर नसते. पोट आवळणारे किंवा पोटावर भार देणारे भुजंगासन, नौका, पश्चिमोत्तानासन, कपालभाती आणि पोटाचे ‘क्रंच’ हे सगळे पहिले तीन महिने तरी बंद, आणि पुढे डॉक्टरांना विचारूनच. ज्यांनी चाळीस वर्षे रोज बारा नमस्कार घातले, त्यांना हे सांगणे मला जड जाते. अंथरुणातून उठतानाही सरळ न उठता आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताने उठून बसावे. कुस्ती, कबड्डी आणि मल्लखांब यांत ओटीपोटावर थेट मार बसू शकतो, म्हणून किडनीच्या रुग्णाने ते कायमचे सोडावे. खेळच सोडावे असे मात्र नाही. प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९७८ पासून भरतात. पहिल्या इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ येथे झाल्या होत्या.

व्यायामानंतर नारळपाणी पिण्याची पद्धत आहे. टॅक्रोलिमसने रक्तातील पोटॅशियम आधीच वाढू शकते आणि नारळपाण्यात ते भरपूर असते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. पपनस आणि ग्रेपफ्रूट टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात, ते तर नकोतच. साधे उकळून गार केलेले पाणी उत्तम. आणि सकाळच्या फेरीनंतर पोहे-जिलेबी खाल्ल्याशिवाय इंदूरकराला फिरून आल्यासारखे वाटत नाही, हे मान्य. पण पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्यातले मीठ आणि गाडीवरचा कच्चा कांदा लक्षात घेता, पोहे घरचे असावेत.

दोन कॉलच्या मधले दिवस

नेहरू पार्क, मेघदूत उपवन किंवा पिपल्यापाला तलावाकाठी फिरायला हरकत नाही, पण वेळ पाहून. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून पूर्ण बाह्या, टोपी आणि सनस्क्रीन; मे महिन्यात सूर्य वर येण्याआधी परतावे. कबुतरांना दाणे घालतात त्या चौकातून, खणलेल्या रस्त्यावरून आणि ओल्या मातीच्या ढिगांजवळून जाऊ नये, कारण तेथील बुरशी निरोगी माणसाला काही करत नसली तरी या रुग्णांच्या फुप्फुसांत रुजू शकते. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) गच्चीवरून पाहाव्यात. गर्दीत मास्क असावाच.

वहीत रोज चारच ओळी लिहाव्यात: काय केले, किती मिनिटे, श्रमाचा आकडा, आणि काय दुखले. न केलेल्या दिवशी ‘केले नाही’ असे लिहावे. फोनमधली पावलांची मोजणी सावकाश चालणाऱ्यांच्या बाबतीत चुकते, म्हणून मी मिनिटांवर अधिक भर देते. वहीचा फोटो आठवड्यातून एकदा केवळ फिजिओथेरपिस्टला पाठवावा. नातेवाइकांच्या गटात आपले क्रिएटिनिन टाकण्याचे कारण नाही.

‘काय दुखले’ या ओळीत दोन दुखणी कधीही गाळू नयेत. जांघेत किंवा नितंबात खोल दुखत असेल आणि चालताना ते वाढत असेल, तर स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता पाहावी लागते. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन गटातील अँटिबायोटिक सुरू असताना टाचेमागची शीर दुखू लागली, तर टाचा उचलण्याचा व्यायाम तत्काळ बंद करावा. स्टेरॉइड घेणाऱ्या प्रत्यारोपण रुग्णांत ही शीर तुटण्याचा धोका जास्त असतो. लघवीच्या संसर्गावर गावातल्या दवाखान्यात ही औषधे सहज दिली जातात आणि मला कोणी सांगत नाही. नवे औषध सुरू झाले की ते वहीत आले पाहिजे, आणि ते घेण्याआधी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारले पाहिजे.

बायॉप्सी (अवयवाचा छोटा तुकडा काढून तपासणी) झाल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा एक ते दोन आठवडे, जड काही उचलू नये. अवयव नाकारण्यावर स्टेरॉइडची मोठी मात्रा दिली असेल, तर नंतर मांड्यांत एकाएकी अशक्तपणा जाणवतो आणि साखरही चढते. अशा वेळी परवानगी मिळाल्यावर पूर्वीच्या निम्म्यापासून पुन्हा सुरुवात करावी. या परत सुरू करण्याच्या टप्प्यावर बरेच जण गळतात. आधी वीस मिनिटे चालणाऱ्याला दहा मिनिटे हा अपमान वाटतो. अशांचा कॉल मी आठवड्यातून एकाऐवजी तीनदा ठेवते, पण पाच-पाच मिनिटांचाच, आणि त्यात व्यायामापेक्षा बोलणे अधिक होते.

बाराव्या आठवड्यात पहिल्या दिवसाची मोजणी पुन्हा घ्यावी: तीच खूण केलेली खुर्ची, तीच खडूची फुली, शक्यतो तीच वेळ. बुऱ्हाणपूरच्या काकांनी पहिल्या खेपेला शून्य लिहिले होते, तीन महिन्यांनी नऊ. त्यांच्या वयाला नऊ अजूनही कमीच आहेत, हे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी ते वहीत लिहूनही घेतले. दोन्ही आकडे डॉक्टरांच्या त्या पहिल्या पानाच्या मागे, तारखांसह लिहावेत आणि पुढच्या तपासणीला ते पान सोबत न्यावे.